अण्णांचा लाइव्ह

आमचे घरमालक अण्णा गेल्या वर्षी गेले. तिसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. वर ‘सोलापूरचा रॉक अँड रोल सम्राट’, मध्ये हातात गिटार घेतलेले अण्णा आणि भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्या अठ्ठावीस जणांचे पासपोर्ट फोटो. गल्लीतल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो सम्राटापेक्षा मोठा होता. दुःखच तेवढं मोठं असणार, दुसरं काय! अण्णांनी तो फ्लेक्स बघितला असता तर एवढंच म्हणाले असते की अध्यक्षांच्या केसांत काही दम नाही. केसांच्या बाबतीत ते कुणाचीच गय करत नसत.

फ्लेक्सवरच्या त्या गिटारीला तीनच तारा होत्या. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी अकरा वर्षं भाड्यानं राहिले. गिटारीला सहा तारा असतात, असं मी एकदा बोलून गेले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, वाजवायची कुणाला हाय बाई, धरायला तीन बास होतात. गिटार वाजवता येत नाही ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असंच त्यांना वाटत नसे.

मी मूळची नातेपुत्याची. गावाकडं बरीच वर्षं शिकवून झाल्यावर एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायला सोलापुरात आले आणि पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, खोली शोधत फिरले. अण्णांच्या दारात उभी राहिले तेव्हा मी विचारणार होते की पाणी किती दिवसांनी येतं, पण प्रश्न विचारायची पाळी माझ्यावर आलीच नाही. अण्णांनी मला तीन प्रश्न विचारले. पहाटे झोप लागते का? शिट्टी वाजवायची सवय आहे का? नाचता येतं का? मी सांगितलं, लागते, नाही, नाही. ते आक्कांकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाले, चालतंय, ह्यांना ठेवू या. आणि मला म्हणाले, पहाटेची झोप तेवढी आता लागणार न्हाय.

हा माणूस दिलेला शब्द पाळणारा होता. बरोबर सहा वाजता खालच्या शेडमधले दोन यंत्रमाग सुरू व्हायचे आणि त्या खडखडाटावर अण्णा गायला लागायचे. तबला नाही, पेटी नाही, मागाचा ताल. माझ्या खाटेचे पाय थरथरायचे. पहिल्या आठवड्यात मी खाली जाऊन सांगितलं की अण्णा, जरा हळू. त्यांनी माझ्याकडे फार आदरानं बघितलं आणि विचारलं, हळू रॉक अँड रोल तुमच्या नातेपुत्यात असतो का? मी परत वर आले. बारा गावचं पाणी प्यायलेल्या मुख्याध्यापकांना मी नमवलं आहे, पण या माणसापुढे माझं काही चाललं नाही.

रॉक अँड रोल सोलापुरात आपण आणला, असं अण्णांचं म्हणणं होतं. कुठून आणला? मुंबईहून. कशानं? एसटीनं. त्यांचे कुणी मामा तिथं गिरणीत होते, त्यांच्या शेजाऱ्याकडे रेकॉर्ड लावायचं यंत्र होतं, आणि त्यावर अण्णांनी तीन दिवस एकच इंग्रजी रेकॉर्ड ऐकली. शब्द एकही कळला नाही, म्हणून सगळा आवाज पाठ केला. परत येऊन गणपतीच्या मांडवात ते गाणं त्यांनी अशा इंग्रजीत म्हटलं, की ती भाषा इंग्रजांनीही कधी आपली म्हणून सांगितली नसती. समोर शाळेचे इंग्रजीचे मास्तर बसले होते. लोकांनी त्यांना अर्थ विचारला, तर ते म्हणाले, प्रेमाबद्दल आहे. मास्तरांनी नोकरी सांभाळली आणि अण्णांची कीर्ती झाली.

पुढं त्यांनी स्वतःचं गाणं रचलं. चादरीच्या गावात दुसरं काय सुचणार? “झटक गं चादर, झटक झटक, रात गेली, उजाडलं, झटक झटक, येस बेबी, नो बेबी, झटक झटक.” एवढंच धृपद. कडवी दोन, त्यातलं एक निम्मं तेलुगूत. बेबी कोण, तिनं येस म्हणायचं की नो, याचा खुलासा चाळीस वर्षांत झाला नाही. हे म्हणताना ते उजव्या पायाच्या चवड्यावर उभे राहायचे आणि डावा पाय अंगात आल्यासारखा हलवायचे. तीच ती त्यांची प्रसिद्ध स्टेप. आक्का सांगायच्या, त्या काळी अक्कलकोट-दुधनीकडून ट्रक भरून माणसं यायची, ती त्या डाव्या पायासाठी.

दुधनीचा किस्सा तर मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता मीच तिथं होते असं वाटतं. तेलाच्या पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. ऐन स्टेपमध्ये फळी मोडली आणि अण्णा सरळ खाली गेले. वर दिसत होता फक्त त्यांच्या केसांचा फुगा. पण माइक हातात होता आणि झटक झटक चालूच होतं. समोरची निम्मी माणसं कानडी, त्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे, त्यांनी वन्समोअर दिला. लागलं नाही का हो, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. ते म्हणाले, मी खाली गेलतो, गाणं वरच होतं की.

केसांचा तो फुगा मरेपर्यंत होता. दर रविवारी कलप. उरलेल्या केसांची संख्या कमी होत गेली तसा फुगा मागून पुढं, मग कानावरून पुढं असा ओढून आणावा लागे. या कामाला पाऊण तास जाई आणि तेवढा वेळ घरात कुणी पंखा लावायचा नाही. मे महिन्यातल्या सोलापुरात. आक्का घामाघूम होऊन भाकरी थापत बसायच्या आणि तेलुगूत जे बोलायच्या, त्याचा अर्थ मी मुद्दाम कधी विचारला नाही.

त्यांचा एक स्वभाव मात्र मला खटकायचा. पाठमोरं बोललं की ते उत्तर देत नसत. मी कपडे वाळत घालता घालता काहीतरी विचारावं आणि यांनी ढिम्म बसावं. त्यांच्याकडे वळून विचारलं की लगेच उत्तर. मी मनात म्हणायची, हा कलावंताचा माज. सम्राटांशी समोर उभं राहून बोलावं लागतं, आपण भाडेकरू.

रेकॉर्डिंगचा त्यांना भयंकर तिटकारा होता. स्वतःचं गाणं त्यांनी कधी कुणाला भरू दिलं नाही. मोबाइल पुढं केला की गाणं थांबवून ते पाणी प्यायला जात. लाइव्ह म्हणजे काय, हे त्यांनी मला शेंगाची चटणी कुटता कुटता समजावून दिलं होतं. लाइव्ह म्हणजे चुकायची सोय. क्यासेटमधला माणूस चुकत न्हाय, म्हणजे तो मेलाय. हे ते आक्कांच्या चटणीतले निम्मे शेंगदाणे खात बोलत होते, तरीही मला पटलं.

मग ती हळद झाली. भाच्याच्या मुलीच्या हळदीला अण्णांनी आग्रह न होता माइक घेतला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले. शेडमधले माग त्यांच्या मुलानं दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिले होते आणि तिथं टॉवेल एक्स्पोर्टचं एसी ऑफिस काढलं होतं, त्यामुळे सकाळचा रियाज अण्णा तालाशिवाय नुसता भिंतीकडे तोंड करून करत. हळदीत पहिल्याच ‘झटक’ला आवाज फाटला. दुसऱ्याला बाहेरच आला नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं. पोरांनी व्हिडिओ काढला, त्यावर कोंबडा आरवल्याचा आवाज जोडला आणि दुसऱ्या दिवशी तो आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवरसुद्धा आला. शिक्षकांनी त्यावर हसून हसून रडणारी तोंडं टाकली. गुणिजनच ते. अण्णांकडे साधा फोन, त्यामुळे त्यांना पत्ता लागला नाही. सगळ्या गल्लीनं मिळून ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली. ऑफिसातला एक कामगार हसताना सापडला तर मुलानं त्याची कॉलर धरली होती.

मुलगा वाईट नव्हता, हे मला नीट सांगायला हवं. बापावर त्याचा जीव होता, फक्त बापाची लाज वाटण्याचीही त्याला भीती वाटायची. या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

तर अशात मंडळाला पन्नास वर्षं झाली. अध्यक्षांना कुणीतरी सुचवलं की अण्णांचा सत्कार करा, मोठ्या सभागृहात, आणि त्यांचा लाइव्ह शो ठेवा. अण्णांना सांगायला पाच जण हार घेऊन आले. मोठ्या सभागृहात अण्णा कधीच गायले नव्हते. तिथं बाहेरचे पाहुणे गायचे आणि अण्णा खाली बसून त्यांच्या केसांना नावं ठेवायचे. आयुष्यभर मांडव, मैदानं आणि पिंपांवरच्या फळ्या. त्या संध्याकाळी ते जिना चढून वर आले आणि माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, एकदा तितं गायचं हाय. एकदाच. आपल्या लोकांपुढं, ह्या गळ्यानं.” आणि खाली गेले. अकरा वर्षांत त्यांनी थट्टेशिवाय माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

दोन दिवसांनी मुलगा वर आला, हातात पेढ्यांचा पुडा. अकरा वर्षांत तोही पहिल्यांदाच. एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे एक कॅसेट निघाली होती. अण्णांना न सांगता कुणीतरी मांडवात भरलेली, तिशीतल्या अण्णांच्या आवाजात. मुलानं ती पुण्यात साफ करून आणली होती. त्यानं मोबाइलवर ऐकवली. काय आवाज होता! मी खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला. मुलाचा बेत असा की सभागृहात ही वाजवायची, माइक बंद ठेवायचा, पप्पांनी फक्त ओठ हलवायचे. अध्यक्षांना चालणार होतं. पप्पांना तयार तेवढं करायचं होतं, आणि पप्पा बाईंचं ऐकतात. तो म्हणाला, “बाई, परत तसं हसलेलं मला बघवणार न्हाय.”

मलाही बघवणार नव्हतं. मी गेले. अण्णांसमोर बसून मी पद्धतशीर मुद्दे मांडले. आवाज तुमचाच आहे. फक्त जुना आहे. मोठमोठे लोक असंच करतात. अण्णा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. ते म्हणाले, मग मी कशाला जायाचं, क्यासेट पाठवा की. पण उत्तर नसताना बोलत कसं राहायचं हे मास्तरकीत शिकायला मिळतं. लोकांना तुम्हाला बघायचं आहे, वगैरे मी बोलत राहिले. मग त्यांनी सरळ विचारलं, “आवाज गेलाय का माझा?”

मी म्हणाले, “छे हो. चांगला आहे. उगीच ताण कशाला, म्हणून.”

त्यांनी माझ्या तोंडावरची नजर काढली. मग म्हणाले, बरं, तुमी म्हणता तर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जागी झाले आणि खालून काहीच आवाज आला नाही. नंतरही आला नाही. अकरा वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली तो रियाज बंद झाला आणि मला झोप लागेना. माझी मलाच लाज वाटत मी पडून राहायची.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. सभागृहाबाहेर बॅनरवर ‘लाइव्ह’ हा शब्द अण्णांच्या तोंडापेक्षा मोठा, लाल अक्षरांत. आत पुढं सोफे, सोफ्यांवर मान्यवर. मान्यवरांमागं आठ-दहा रांगा पूर्व भागातली जुनी माणसं, मागावर हयात घालवलेले म्हातारे आणि त्यांच्या बायका. त्यामागं सगळी तरुण मंडळी, मोबाइल सरसावून. मी आणि आक्का म्हाताऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत. दीड तास भाषणं झाली. फेटे, शाली, चादरी. एका वक्त्यानं अण्णांची तुलना अशा काही परदेशी नावाशी केली की ते नाव त्याला तीनदा म्हणूनही जमलं नाही. संगीताच्या कार्यक्रमात संगीताला इतकं थांबवून ठेवायचं कसब आमच्याकडेच बघावं.

मग अण्णा आले. पांढरा सूट, तोच जुना, पोटावर मावत नव्हता म्हणून आक्कांनी दोन्ही बाजूंना पांढऱ्या टॉवेलच्या पट्ट्या लावलेल्या. पांढरे बूट. फुगा जागेवर. तीन तारांची गिटार. आणि स्पीकरमधून तिशीतला आवाज सुटला, “झटक गं चादर...” मागं एकदम शिट्ट्या. अण्णांचे ओठ बरोबर हलत होते, डावा पायही थोडासा हलला. मुलगा मागं साउंडवाल्याशेजारी उभा होता, त्याचा चेहरा मला लांबूनही खुललेला दिसला. सोफ्यांवरून टाळ्या. मी हुश्श केलं.

पण आमच्या आजूबाजूच्या रांगा टाळ्या वाजवेनात. सगळे अगदी स्थिर, नजर अण्णांच्या तोंडावर. मला वाटलं, भाषणांनी मेले बिचारे. आक्का शेजारी पुटपुटत होत्या. मी विचारलं, काय झालं?

“म्हणतायत, ह्यो मी न्हवं.”

मला कळेना. अण्णा तर गात होते. मग नीट बघितलं तेव्हा दिसलं की ओठ गाण्याबरोबर चाललेच नव्हते. कडवं वेगळं चाललं होतं आणि अण्णा वेगळंच काहीतरी बोलत होते, बंद माइकवर.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मागाच्या कारखान्यात ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. ही माणसं चाळीस-चाळीस वर्षं एकमेकांशी ओठांनी बोलली आहेत. मागाच्या या टोकाचा त्या टोकाच्याला जेवलास का विचारतो, भांडतो, चहा सांगतो, सगळं बिनआवाजी. ती बोलणं ऐकत नाहीत, तोंड वाचतात. पाठमोरं बोललं की अण्णा उत्तर देत नसत तो माज नव्हता, मागांनी त्यांचे कान कधीच खाल्ले होते आणि ते माझं तोंड वाचत होते. अकरा वर्षं! मी त्यांच्यासमोर बसून “चांगला आहे आवाज” म्हणाले, तेव्हाही त्यांनी काय काय वाचलं असेल. आणि आम्ही शहाण्यांनी, म्हणजे एसी ऑफिसात बसणारा मुलगा, अध्यक्ष आणि नातेपुत्याची गणिताची बाई यांनी, नुसते ओठ हलवायचा कार्यक्रम ठेवला होता या लोकांपुढं. दोन ओळींत त्यांनी पकडलं.

आता रांगांमधून ओठ हलायला लागले. मोठ्यानं गाणं चाललेलं, मागं पोरं नाचतायत, सोफ्यांवर मान्यवर माना डोलावतायत, आणि मधल्या मध्ये स्टेज आणि म्हातारे यांचं बोलणं चाललं होतं. त्याचा आवाज कुणालाच नाही. आक्का मला सांगत होत्या. लोक विचारतायत, मग गातंय कोण? अण्णा म्हणतायत, ते पोरगं हाय, मला आता वळखत न्हाय. लोक म्हणतायत, मग तुमी गा की. अण्णा थांबले. पाय थांबला. स्पीकरमधला आवाज मात्र ऐन भरात होता.

“आवाज ऱ्हायला न्हाय म्हणतायत,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा अर्धवट उठला. त्यानं दोन बोटं आपल्या दोन्ही कानांवर ठेवली आणि ओठांनी काहीतरी बोलला. सगळ्या रांगा हसल्या. आक्का रडता रडता हसायला लागल्या. मी त्यांना हलवलं, सांगा ना, काय म्हणाला?

“म्हणतोय, आमचे कान तरी कुटं ऱ्हायलेत?”

मी उठले. कशी उठले माहीत नाही. सरळ मागं साउंडवाल्याकडे गेले आणि मुलाला म्हणाले, बंद कर. तो म्हणाला, बाई, येड्यासारखं काय करूलालाव, लोक हसतील की. मी म्हणाले, हसू देत, हे तुझे पप्पा नाहीत, ते स्वतःच सांगतायत. त्यानं स्टेजकडे बघितलं. अण्णा आता ओठही हलवत नव्हते. गिटार धरून नुसते उभे होते आणि त्यांच्या अंगावरून दुसऱ्याच कुणाचा तरी तरणाबांड आवाज वाहत होता. मुलानं स्वतःच्या हातानं कॅसेट बंद केली आणि माइक उघडला.

सभागृह शांत झालं. अध्यक्ष दचकून उठले. अण्णांनी माइकवर दोनदा फुंकर मारली आणि सुरुवात केली.

आता खरं सांगायचं तर फार वाईट गायले. पहिल्या ‘झटक’ला आवाज फाटला, हळदीत फाटला होता तसाच. दुसऱ्या ओळीचे शब्द विसरले, तिथं नुसतं येस बेबी येस बेबी भरलं. तेलुगू कडवं मराठीत शिरलं. स्टेप करायला गेले तर उजवा गुडघा अडकला, माइकच्या दांड्याला धरून सरळ व्हावं लागलं, आणि त्यात फुगा सुटून कानावर आला. मागं पोरं हसली. मोबाइल वर झाले. दोन मान्यवर उठून गेले. त्यांना दुसरा कार्यक्रम होता, दरवेळी असतोच.

पण त्या आठ-दहा रांगा. त्या माणसांनी एक शब्द सांडू दिला नाही. अण्णा विसरले की तिथला शब्द पन्नास-साठ ओठांवर यायचा, ते वाचून अण्णा पुढं जायचे. हातांनी सगळे मांड्यांवर ताल धरून होते, खडाखड, खडाखड. मी मागं उभी राहून ढसाढसा रडले, माझ्या विद्यार्थ्यांचे पालक आजूबाजूला असताना. मुलगा माझ्या शेजारी दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. गाणं त्याला पाठ होतं.

नंतर मी स्टेजमागं गेले. अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, गुडघ्यावर ओला रुमाल, हातातली गिटार सुटत नव्हती. आक्का त्यांचा फुगा परत जागेवर आणत होत्या. मी मुद्दाम त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, तोंड नीट दिसेल अशी.

“कसा झाला, बाई?” त्यांनी विचारलं.

“वाईट.”

आक्कांचा हात थांबला. अण्णा मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणखी काही आहे का ते वाचत.

“शंभरात किती?”

तीस वर्षं मी पेपर तपासते आहे. “चौतीस,” मी म्हणाले.

“पस्तीसला पास न्हवं?”

“हो.”

“एक मार्क ग्रेस द्या की.”

“मी कुणालाच देत नाही, अण्णा. तुम्हालाही नाही.”

ते खूश झाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“मग परत बसतो की,” अण्णा म्हणाले.